जुन्या कॅमेऱ्याचा कैवार

आषाढीसाठीं शेगांवहून पंढरपुरास निघणाऱ्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीचें छायाचित्र घेण्यास आरसाविरहित नवा कॅमेराच हवा, हा आग्रह आम्हांस मान्य नाहीं. २००८ सालच्या निकॉन डी-९० चें चित्र ४२८८ गुणिले २८४८ बिंदूंचें असतें. दर इंचास ३०० बिंदू धरले तरी तें १४ इंच लांब व ९ इंच रुंद स्वच्छ छापतां येतें. घरच्या भिंतीस याहून अधिक काय हवें? अंधारांत व धावत्या विषयावर नवें यंत्र सरस, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दिवसाउजेडीं पायीं चालणाऱ्या पालखीस त्या सामर्थ्याचें प्रयोजन कितीसें? तेव्हां कर्ज काढण्यापूर्वीं होतकरू छायाचित्रकारानें जुन्या कॅमेऱ्याचीं आपलीं चित्रें मोठीं छापून पाहावीं, आणि उणें यंत्राचें कीं नजरेचें, तें स्वतःच ठरवावें.