नहरीलाही हरीम असते

औरंगाबादचं नाव बदललं तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले. त्यात गैर काही नव्हतं. पण ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, त्याच्या नहरीवर आज प्लॉट पडतायत, आणि त्यासाठी निवेदन देणारे बोटावर मोजण्याइतके.

गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी माणूस पुढे निजामशाहीचा वजीर होतो आणि शहराला पाणी देतो. नहर-ए-अंबरी ही जमिनीखालची वाट. उत्तरेच्या डोंगराकडचा झिरपा गोळा करायचा आणि नुसत्या उतारावर शहरात आणायचा. पंप नाही, वीज नाही. गाळ काढायला आणि हवेसाठी ठरावीक अंतरावर मॅनहोल. पुढे याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीला पाणी आलं ते अशाच एका नहरीतून.

मी सॉफ्टवेअरवाला, नकाशांच्या डेटाशी माझं रोजचं काम. त्यामुळे एक गोष्ट चटकन दिसते. वारसा जपणारी यंत्रणा ठिपक्याचा विचार करते. बीबी का मकबरा केंद्राच्या यादीत आहे, म्हणून त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. नहर मात्र रेषा आहे, तीही न दिसणारी. लेआउट मंजूर करणाऱ्याच्या नकाशावर ती रेषाच नसेल तर त्याच्या लेखी तो रिकामा प्लॉट. मग पायासाठी जेसीबी लागतो, मॅनहोल बुजतं, नाहीतर त्यात सांडपाणी सोडलं जातं. एका ठिकाणी फुटलं की खालचं सगळं संपलं. आणि हे अशा शहरात, जिथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं!

घरं नकोत का? हवीत. आपल्या मोहल्ल्यांत एकेका खोलीत किती माणसं राहतात ते मला कुणी सांगायला नको. नहरीवर आधीच राहणाऱ्या गरिबाच्या घरावर बुलडोझर आणा, असं मी कधीच म्हणणार नाही. वारशाच्या नावाखाली तसं झालं तर विरोधही करीन. मुद्दा नव्या लेआउटचा आहे. त्यात मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या निरुपयोगी तुकड्यात दाखवण्याऐवजी नहरीच्या माथ्यावर पट्टा म्हणून सोडली तर बिल्डरचं फार जात नाही.

फिकहमध्ये यासाठी शब्दच आहे, हरीम. विहीर, झरा, नहर यांच्या भोवतीची ती जागा, जिथे दुसऱ्याने खोदायचं नाही. जुम्याच्या खुतब्यात सदका-ए-जारियाबद्दल ऐकतो, तेव्हा हेही ऐकायला मिळावं असं वाटतं.

काम मोबाइलवर होण्यासारखं आहे. आपल्या भागातलं प्रत्येक मॅनहोल शोधा, जीपीएससह फोटो काढा, ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. उघड्या मॅनहोलमध्ये उतरू नका. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, बुजलेली त्यांनाच माहीत असतात. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की १९६६ च्या नगररचना कायद्याने कुणालाही मुदतीत हरकत घेता येते. ती मराठीत लिहा, सर्वे नंबर आणि फोटो जोडा, आणि आवक-जावक खिडकीवरून पोच घेतल्याशिवाय हलू नका.