साडेनऊ टक्के म्हणजे किती?

प्रति,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
माझ्या गाडीला कर्ज देणारी वित्तकंपनी

सन्माननीय महोदय,

आपल्या कंपनीचे नाव मी या पत्रात लिहीत नाही. माझ्या कर्जखात्याचा क्रमांक माझ्या तीन लेखी तक्रारींवर आहे आणि त्या पोचल्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. हे पत्र कोणाला आहे हे आपल्याला कळेल.

मी एकवीस वर्षांचा आहे. खेड तालुक्यात राहतो आणि वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी आणि रविवारी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोंदी करण्याचे काम. त्याचे महिन्याला साडेअकरा हजार रुपये मिळतात. आई शिलाई करते. दीड वर्षापूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्यांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी पुण्याला न्यावे लागते. त्यांना एसटीची पायरी चढता येत नाही. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे अठराशे रुपये, म्हणजे महिन्याच्या आठ खेपांचे 14,400. कॉलेजात शिकणाऱ्या पोराला नवी गाडी कशाला हवी, असे आपल्या वसुली विभागातील एकाने मला फोनवर विचारले होते. त्याला मी जे उत्तर दिले तेच हे.

जुनी गाडी आम्ही आधी पाहिली होती. पण घाटातल्या रस्त्याला, आजारी माणूस मागे झोपलेला असताना, बंद पडणारी गाडी नको असे आईने ठरवले. तेवढ्यात 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि सर्वांत साधी गाडी नोंदणी-विम्यासह 5,05,000 ला बसते असे कळले. आईने पाटल्या मोडल्या. त्यात माझी शिल्लक घालून सव्वा लाख जमले. उरले 3,80,000. शोरूमच्या टेबलावर आपल्या प्रतिनिधीने एका कागदाच्या मागे लिहून दिले : व्याज साडेनऊ टक्के, मुदत पाच वर्षे. तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्याच रात्री मी संगणकावर हिशोब केला. साडेनऊ टक्क्यांनी 3,80,000 चा हप्ता येतो 7,981 रुपये. पेट्रोलचे साडेतीन हजार धरले तरी भाड्यापेक्षा तीन हजार कमी. आम्ही त्या आकड्यावर होकार दिला.

18 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, आपल्याकडून परतफेडीचे वेळापत्रक ईमेलने आले. त्यात कर्ज 4,00,000 आणि हप्ता 9,833. मला आधी वाटले की दुसऱ्या कोणाचे वेळापत्रक चुकून आले असेल. मी फोन केला तेव्हा 'फ्लॅट' हा शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला. म्हणजे पाच वर्षे आम्ही मुद्दल फेडत जाणार, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण चार लाखांवर धरलेले : एक लाख नव्वद हजार रुपये. घटत्या शिलकीवर हा दर साडेसोळा टक्के होतो. महोदय, हे गणित आपल्या कंपनीतील प्रत्येकाला येते. मग शोरूमच्या टेबलावर साडेनऊ हा आकडा कशासाठी सांगितला जातो? ज्या दराने आपण कर्ज देत नाही, तो दर सांगायला आपल्या माणसाला कोणी शिकवले?

त्या प्रतिनिधीला मी दोष देत नाही. तो माझ्याच वयाचा, जुन्नरकडचा मुलगा होता आणि महिन्याचे टार्गेट पुरे होत नाही म्हणून रडकुंडीला आलेला होता. त्याला टार्गेट देणारे आणि ते शब्द देणारे वर बसले आहेत. म्हणून पत्र त्याला नाही, आपल्याला.

आता चार लाखांविषयी. आम्ही 3,80,000 मागितले होते आणि गाडीच्या विक्रेत्याला तेवढेच पोचले. मधल्या वीस हजारांपैकी 14,200 हे माझ्या आयुष्याच्या विम्याचे, 4,720 प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर, 1,080 कागदपत्रांचे. हा विमा मी मागितला नव्हता. 'तो सिस्टीममध्ये आपोआप येतो' असे मला नंतर सांगण्यात आले. हातात आलेले 3,80,000 आणि दरमहा जाणारे 9,833 हे दोन आकडे धरून ऑफिसातल्या संगणकावर मी दर काढला, माझ्या साहेबांनी तो तपासला. तो 18.9 टक्के येतो. कागदाच्या मागे लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. सांगितलेल्या आणि घेतलेल्या हप्त्यात महिन्याला 1,852 रुपयांचा फरक आहे, म्हणजे वडिलांना पुण्याला नेण्याच्या एका खेपेचे भाडे. तो फरक साठ महिन्यांत 1,11,120 रुपये होतो. आईच्या पाटल्यांचे जवळजवळ तेवढेच आले होते.

रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी काढलेले परिपत्रक आपल्याला माहीत आहे. ते आपल्यासारख्या कंपन्यांसाठीही आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचे, सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यात छापायचा, विम्यासारखी दुसऱ्यासाठी वसूल केलेली रक्कमही त्या दरात मोजायची, ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असायला हवे आणि त्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत, असे त्यात आहे. माझे स्टेटमेंट 18 ऑक्टोबरला त्याच ईमेलला जोडून आले. त्यावर तारीख होती 27 सप्टेंबर. भाषा इंग्रजी. दर 16.5, म्हणजे विमा आणि फी वगळून. 27 सप्टेंबरला माझ्या हातात काय होते? एक फोन, आणि त्यावर पाठोपाठ आलेले चार ओटीपी. ते मी सांगितले तसे वाचून दाखवले. माझी चूक मी नाकारत नाही. पण तीन दिवस मला नियमाने दिले होते, ते आपण का घेतलेत?

माझ्यापेक्षा आईचे सांगतो. ती सहकर्जदार आहे, तिच्या सह्या कागदावर घेतल्या. सातवीपर्यंत शिकलेली बाई, मराठी पेपर रोज वाचते, इंग्रजी येत नाही. सेहेचाळीस पानांवर तिने शोरूममधल्या थंडगार खोलीत, पदर सावरत, एकेक सही केली आणि दर पानाला 'इथेच ना?' असे विचारत राहिली. शेवटून दुसऱ्या पानावर एक इंग्रजी परिच्छेद आहे. त्यात लिहिले आहे की या कराराचा सगळा मजकूर मला मराठीत वाचून आणि समजावून सांगितला व तो मला मान्य आहे. त्या खाली आईची मराठीतली सही आहे. एक ओळसुद्धा तिला कोणी मराठीत वाचून दाखवली नव्हती. मला समजावले, असे म्हणणारा परिच्छेदही तिला समजावला नाही. महोदय, आपण महाराष्ट्रात धंदा करता. जाहिरातीचा फलक मराठीत लावता, दिवाळीच्या शुभेच्छा मराठीत पाठवता, वसुलीचा फोनही अस्खलित मराठीत येतो. फक्त कर्जाचा दर सांगायची वेळ येते तेव्हाच मराठी का संपते? मी ते पान आईला घरी वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. मशीनवर बसली. त्या रात्री तिने जेवण केले नाही.

व्याज कधीपासून, हेही विचारायचे आहे. करार 27 सप्टेंबरचा. विक्रेत्याच्या खात्यात पैसे गेले 17 ऑक्टोबरला. गाडी घरी आली पाडव्याला, 22 तारखेला. माझ्या खात्यावर मात्र 27 सप्टेंबरपासूनचे वीस दिवसांचे 3,616 रुपये व्याज लावलेले आहे. पैसे आपल्याच तिजोरीत असताना त्यांचे भाडे आम्ही का द्यायचे? करार झाल्यापासून, पैसे देण्याआधीचे व्याज लावण्याची ही पद्धत चुकीची आहे असे रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 रोजी लेखी बजावले आणि जिथे ते घेतले तिथे परत करायला सांगितले. मी त्या परिपत्रकाची प्रत माझ्या दुसऱ्या तक्रारीला जोडली होती. त्या तक्रारीला उत्तरच आले नाही.

माझा पगार सात तारखेला होतो. हप्त्याची तारीख दहा ठेवू, असा शब्द शोरूममध्ये दिला होता. करारात पाच तारीख निघाली. 5 डिसेंबरला खात्यात साडेआठशे रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. सात तारखेला पगार होताच मी संपूर्ण रक्कम ऑनलाइन भरली, दंडासकट. तरीही त्या दोन दिवसांत जे झाले ते मी विसरू शकत नाही. माझे मामा जामीनदार आहेत. त्यांना रात्री सव्वानऊ वाजता फोन आला आणि भाचा बुडवा निघाला असे ऐकवले गेले. ते घरी येऊन आईसमोर नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी फोन गेला तो आमच्या अकाउंटन्सीच्या मॅडमना. कर्ज घेताना 'रेफरन्ससाठी दोन नावे द्या, फक्त फॉर्म भरायचा आहे' असे सांगून त्यांचा नंबर घेतला होता. त्या वर्गावर असताना त्यांना फोन करून तुमचा विद्यार्थी पैसे भरत नाही असे सांगितले. मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावून, दार लावून, काही अडचण आहे का, फीला मदत हवी का, असे विचारले. त्यांच्या मायेने मला जितकी लाज वाटली तितकी कोणाच्या ओरडण्यानेही वाटली नसती.

सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, कर्जदाराच्या नातेवाइकांच्या, मित्रांच्या आणि रेफरन्स दिलेल्या माणसांच्या खासगी आयुष्यात शिरायचे नाही, हे रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 ला स्पष्ट लिहिले आहे. 'रेफरी', म्हणजे रेफरन्स दिलेली माणसे, हा शब्द त्यात आहे. वसुलीची एजन्सी बाहेरची आहे, हे आपल्या अधिकाऱ्याचे म्हणणे त्याच परिपत्रकापुढे टिकत नाही. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी कंपनीची, असेही त्यात म्हटले आहे. मॅडमची माफी आपल्याकडून कोण मागणार आहे?

मामांनी कर्ज फेडून टाकायचे ठरवले, तर कळले की बारा हप्त्यांआधी खाते बंद करता येत नाही आणि नंतर केले तरी शिल्लक मुद्दलावर पाच टक्के. हेही सेहेचाळीस पानांत कुठेतरी आहे.

10 डिसेंबरच्या माझ्या तक्रारीला तिसऱ्या दिवशी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' एवढ्या एका ओळीचे उत्तर आले. कोणी निकाली काढली, काय निर्णय दिला, ते नाही. त्यानंतरच्या दोन पत्रांना तेही नाही. तीस दिवस उलटल्यावर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल केली आहे. तिथे काय व्हायचे ते होईल. पण माझ्या वर्गातल्या तिघांनी गेल्या वर्षी दुचाकीसाठी कर्ज घेतले आणि माझे वेळापत्रक पाहून त्यांनी आपापली काढली. तिघांच्याही कागदावर सांगितलेला दर वेगळा आणि हप्त्यातून निघणारा दर वेगळा आहे. म्हणून हे उघड्यावर लिहितो आहे.

मी कर्जमाफी मागत नाही. घेतलेले 3,80,000 मी फेडणार आहे. विम्याचे 14,200 आणि वीस दिवसांचे 3,616 परत करा. उरलेला हप्ता आपल्या माणसाने लिहून दिलेल्या दराने पुन्हा काढा. करार आईला मराठीत द्या, एकदा तिच्यासमोर बसून वाचा, आणि ती विचारेल त्याचे उत्तर द्या. मॅडमना आणि मामांना कंपनीच्या कागदावर पत्र लिहा.

पुढचा हप्ता 5 फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी सकाळी माझ्या खात्यात 9,833 रुपये असतील. मी साहेबांकडून उचल घेऊन ठेवली आहे. आपले उत्तर त्याच्या आधी येईल का?

आपला,
एक कर्जदार विद्यार्थी
खेड, जिल्हा पुणे
जानेवारी 2026