कुडपणचा पत्ता आणि पोस्टकार्डावरचे अक्षर

१/ मु. कुडपण, पोलादपूर, जि. कुलाबा. जुन्या पोस्टकार्डावरचा असा पत्ता हाच एक कालदर्शक असतो. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामुळे तारखेची शाई उडाली, तरी कार्डाचे वय बहुधा अजमावता येते.

२/ जगातील पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ साली निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले, किंमत पाव आणा. तळहाताएवढ्या जागेत सारा संसार मावला पाहिजे, ही त्याची अट. तिच्यातूनच त्याचे रूप घडले. माथ्यावर ‘श्री’, मग ‘सा. न. वि. वि.’, खाली उतरताना बारीक होत जाणारे अक्षर आणि जागा संपताच समासात आडवा चढलेला अखेरचा निरोप.

३/ मोडीत आधी आडवी रेघ ओढावी आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवावीत. बाळबोधीत अक्षर आधी, शिरोरेषा नंतर. शाळेतून मोडी गेली, तेव्हा केवळ लिपी नव्हे, हाताची चालच बदलली. आजोबांची धावती मोडी आणि नातवाची सुटी बाळबोध शेजारी ठेवली की हा बदल डोळ्यांना दिसतो.

४/ परंतु ‘किती सुंदर अक्षर!’ एवढ्यावर थांबणे अपुरे आहे. या डोंगरपट्ट्यातून माणसे मुंबईच्या गिरणगावात गेली. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची पत्रे खोलीतला कोणी शिकलेला लिही; गावी ती दुसराच कोणी वाचून दाखवी. अक्षर एकाचे, काळीज दुसऱ्याचे. म्हणून वळणदार अक्षराइतकेच उशिरा शिकलेल्या हाताचे वेडेवाकडे अक्षरही मोलाचे.

५/ मृत्यूची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ते वाचून लगेच नष्ट करीत. घरात ठेवीत नसत. म्हणजे तारेला टोचून जपलेल्या गठ्ठ्यात खुशाली उरते, शोक गळतो. गठ्ठा वाचताना ही पोकळीही वाचली पाहिजे.

६/ २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी, केवनाळे येथे दरडी कोसळल्या. माणसे गेली, घरे गेली. अशा घरांतल्या कागदांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. दरबारी कागदांना दफ्तरखाना मिळाला. गिरणी कामगाराच्या कार्डाला फार तर रद्दीवाला.

७/ तेव्हा तिकिटाच्या हौसेपायी कार्ड कापू नये. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, तारेवरचा क्रम मोडू नये, कोणी कोणासाठी लिहिले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपावे आणि खासगी मजकूर घरच्यांच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये. अक्षर टिकेल तेही सुंदर दिसेल. पण ते कोणाचे, हे सांगणारी पिढी थांबणार नाही.