विश्लेषण : मेंदू कानाचा ‘आवाज’ कमी-जास्त कसा करतो? मालवण किनाऱ्याने हे का जाणून घ्यावे?

ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आणि तक्रारींवर कारवाई करण्याचे पोलिसांना बजावले. आवाजाची चर्चा बहुधा अशी कायद्यापाशीच थांबते. मालवणच्या मच्छीमार नौकेवरील डिझेल इंजिनाची धडधड असो की मिरवणुकीतला डीजे, कान हा आवाज कसा पेलतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

कान फक्त ऐकतो का?

नाही. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि १२ हजार बाहेरच्या केसपेशी असतात. मेंदूला ध्वनीची खबर मुख्यतः आतल्या पेशी देतात. बाहेरच्या पेशी आखडतात-लांबतात आणि क्षीण आवाज वाढवून देतात. या पेशींना मेंदूच्या खोडातूनही आदेश येतात. अमेरिकी शास्त्रज्ञ ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्ये या चेतातंतूंचे वर्णन केले. १९५६ मध्ये रॉबर्ट गॅलम्बोस यांनी ते उत्तेजित केल्यावर श्रवणचेतेचा प्रतिसाद मंदावतो, हे दाखवले. म्हणजे रस्ता दुहेरी आहे.

या आदेशाचा उपयोग काय?

सततच्या गोंगाटाने श्रवणचेता थकते आणि नव्या आवाजाला नीट प्रतिसाद देत नाही. अशा वेळी मेंदू बाहेरच्या पेशींचा जोर कमी करतो. गोंगाट दबल्याने मध्येच आलेला शब्द उठून दिसू शकतो. प्राण्यांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. माणसांत त्याचा वाटा किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. इंजिन सुरू असताना तांडेलाची हाक खलाशाला ऐकू येते, त्यामागे ओठांच्या हालचाली, ओळखीचे शब्द आणि सवय यांच्याबरोबर या यंत्रणेचाही हात असू शकतो.

मग कान सुरक्षित आहे का?

काही प्रमाणातच. हा प्रतिसाद ज्या गिनीपिगमध्ये प्रबळ होता, त्यांच्या कानांना मोठ्या आवाजाने कमी इजा झाली, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. पण ही ढाल अमर्याद नाही. उंदरांवरील २००९ च्या अभ्यासात मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि चेता यांच्यातले अनेक जोड कायमचे तुटलेले आढळले. माणसांतही असे होत असेल, तर नेहमीच्या चाचणीत कान ठीक दिसतील. ‘आवाज येतो, पण काय म्हणतात ते कळत नाही’ ही तक्रार मात्र राहील. समुद्रावर हाक चुकीची ऐकणे महागात पडू शकते.

मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास चालतो. १०० डेसिबल असेल तर सुमारे २० मिनिटेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते.

काय करता येईल?

नौकेवर इंजिनाजवळ काम करणाऱ्याने कानात प्लग किंवा मफ घालावेत. मिरवणुकीत भोंग्यापासून दूर राहावे आणि मध्ये शांत जागी विश्रांती घ्यावी. कानात गुणगुण होत राहिली किंवा बोलणे समजेनासे झाले, तर तपासणी करावी. कायद्याने मिळणारी सूट ही परवानगीची असते. केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.