पहिल्या क्रमांकाची हमी

‘तीन महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक, नाहीतर पैसे परत.’ छोट्या धंद्याची वेबसाइट सुरू झाली की मालकाच्या व्हॉट्सॲपवर हा निरोप येऊन पडतोच. मागोमाग पॅकेज येतं: इतके कीवर्ड, इतक्या बॅकलिंक, महिन्याला इतके लेख. लोक पैसे भरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुकान मांडलंय आणि गिऱ्हाईक फिरकत नाही, अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. पण ही हमी खोटी आहे, आणि ती खोटी का आहे हे एकदा नीट सांगायलाच हवं.

शोधनिकालांत ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेल्या जाहिराती पैसे भरून लागतात. बाकीच्या निकालांत जागा विकत मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच वेबसाइटवाल्यांसाठीच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. कामाचा परिणाम दिसायला चार महिन्यांपासून वर्षभर लागू शकतो, असंही तिथेच म्हटलंय. मग हमी देणारा ती पुरी कशी करतो? जे शब्द कोणी शोधतच नाही, ते निवडून. दुकानाचं पूर्ण नाव, गाव आणि पिनकोड टाकला की तुमची साइट वर येणारच. त्याचा स्क्रीनशॉट मालकाला पाठवला की करार संपला.

पॅकेजमधला माल तरी कसला असतो? पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरून देणं हे अजूनही काम म्हणून बिलात लावलं जातं. क्रमवारी ठरवताना ही यादी आपण पाहतच नाही, हे गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं होतं. ‘डोमेन ऑथॉरिटी’ वाढवून देतो म्हणणारेही पुष्कळ भेटतात. तो आकडा म्हणजे साइट किती वर येईल याचा मॉझ या खासगी कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही.

बॅकलिंकचा, म्हणजे इतर साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकचा मुद्दा मात्र वजनदार आहे, म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा पायाच हा होता, की ज्या पानाचा हवाला इतर चांगली पानं देतात ते पान मोलाचं. हवाला मोलाचा म्हटल्यावर त्याचा बाजार भरणारच. अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीसाठी असंबद्ध साइटवर पेरलेल्या हजारो लिंक फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या आणि वर दिसणारी तिची पानं कुठच्या कुठे खाली गेली. पुढच्या वर्षी गूगलच्या क्रमवारीच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला, तो अशाच विकतच्या लिंकांवर नेम धरून. गावांची नावं बदलून तोच मजकूर पन्नास पानांवर छापण्याची युक्तीही जुनीच. शोधयंत्राला एक आणि माणसाला दुसरं दाखवणाऱ्या पानांपायी जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूची साइट २००६ मध्ये काही काळ गूगलच्या यादीतून बाहेर गेली होती. एवढ्या मोठ्या कंपन्या सुटल्या नाहीत, तर सांगलीच्या फर्निचरवाल्याला कोण सोडणार? आता एआयकडून रोज वीस लेख पाडून घेण्याचा सल्ला मिळतोय. त्याचंही उत्तर आलेलं आहे: केवळ क्रमवारीसाठी ढिगाने मजकूर काढणं, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने, मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत उघडपणे गैर ठरवलंय.

हे सगळं मान्य करणारा एक दुसरा पक्ष आपल्याकडे आहे. लेखक, संपादक, छोटे प्रकाशक यात जास्त. त्यांचं म्हणणं असं, की लिहिणं सकस असलं की वाचक आपोआप येतात. बाकीची तांत्रिक उठाठेव कशाला? ही भूमिका प्रामाणिक असली तरी चुकीची आहे, आणि मराठीचं तिने फार नुकसान केलंय.

युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी साइट आठवा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर देवनागरीत दिसतो, पण आत साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं. यंत्राला तीच दिसतात. अशा पानावर कितीही तोलामोलाचा लेख असला तरी देवनागरीत शोधणाऱ्याला तो कसा सापडणार? आजही कितीतरी दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, शाळांच्या सूचना स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात चढवल्या जातात. माणूस ते वाचतो. यंत्राच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे कंटाळवाणं काम आहे, पण मराठी साइटसाठी त्याच्याइतकं फळ देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

दुसरी बाब आणखी साधी. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ या पानावर एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की शोधयंत्रांना सांगितलं जातं, ही साइट नोंदवू नका. साइट बांधली जात असताना ती खूण करतात आणि उद्घाटनानंतर काढायला विसरतात. मालक महिनोन्‌महिने लेखाच्या दर्जाला दोष देत बसतो. तसंच नूतनीकरणाचं. नवं रूप येतं, पत्ते बदलतात, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारी ३०१ची सोय कोणी करत नाही; दहा वर्षांत लोकांनी दिलेले सगळे हवाले मोडक्या पानांवर जाऊन आदळतात. मोबाइलमधून काढलेला पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला तर मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा कशी पुरी होणार? साइटची तब्येत म्हणतात ती हीच.

तब्येत सुधारल्यावर वाचक कशाला येईल, हा पुढचा प्रश्न. इथे मी ठामपणे मजकुराच्या बाजूने आहे, पण मजकूर कोणता? देवगडच्या बागायतदाराची साइट घ्या. ‘अस्सल देवगड हापूस, उत्तम दर्जा, घरपोच’ हे हजार जणांनी लिहिलंय. गिऱ्हाइकाला मात्र प्रश्न पडलेला असतो, की बाहेरून सुंदर दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा का निघाला. तो साका. तो बाहेरून कळत नाही. फळ चौदा आणे तयार असताना उतरवलं तर त्याचं प्रमाण कमी राहतं, हे बागायतदाराला तोंडपाठ असतं. अढी कशी लावायची, पेटी आल्यावर किती दिवस थांबायचं, साका निघाला तर फळ बदलून मिळेल का, हे त्याने फोनवर रोज जसं सांगतो तसं, आपल्या बागेतल्या फोटोंसह एका पानावर लिहावं. हे पान दुसऱ्याला सहज नक्कल करता येत नाही. पाककृतीची साइट चालवणारे लोक त्याचा हवाला देतील, आणि तीच खरी बॅकलिंक.

‘मराठीत शोधतं कोण?’ असं विचारणाऱ्यांनी गूगलचं सर्च कन्सोल उघडून पाहावं. ते फुकट आहे. लोकांनी काय टाइप केलं, तुमचं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं, हे सगळं तिथे दिसतं. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता लिहिलेले, रोमन लिपीत लिहिलेले, अर्धे मराठी अर्धे इंग्रजी असे प्रश्न तिथे वाचायला मिळतात. पान पुष्कळदा दिसतंय पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक बदला. ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही, त्यावर पुढचं पान लिहा.

आणि या कन्सोलचं खातं मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर हवं, डोमेनची नोंदणीही. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची नोंद ठेवतं. एजन्सीने खातं आपल्या नावावर उघडलेलं असेल, तर या महिन्याचं बिल चुकतं करण्याआधी मालकी हक्क लेखी मागून घ्या.