घसारा कोणी ठरवायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, पण उत्तम चालणारी असंख्य यंत्रे त्यामुळे भंगाराच्या वाटेला लागली. यंत्राचा घसारा झिजेवरून ठरतो, असे आम्ही जन्मभर वर्गात शिकवीत आलो. येथे तो विक्रेत्याच्या पत्रकाने ठरला.

विंडोज एनटी ४ चा आधार संपू लागला तेव्हा जर्मनीतील म्युनिक महापालिकेपुढे हाच पेच उभा राहिला होता. मे २००३ मध्ये तिने आपले सुमारे १४,००० संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेण्याचे ठरविले. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी सोडून महापौरांच्या भेटीस धावले. सवलतीही देऊ केल्या. सभागृह बधले नाही. २०१३ पर्यंत स्थलांतर पुरे झाले.

आणि २०१७ मध्ये त्याच सभागृहाने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला! दोन्ही वेळचे महापौर सोशल डेमोक्रॅट होते, हे आपण समाजवाद्यांनी विसरू नये. एकाधिकारशाहीच्या कारस्थानावर सारे ढकलणे सोपे आहे. पण बाहेरून येणारे दस्तऐवज नीट उघडत नाहीत, ही कर्मचाऱ्यांची तक्रार खरी होती. परवान्यांची बचत आपण मोठ्या हौसेने मांडतो. कारकुनाच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि त्याचा वाया गेलेला वेळ मात्र जमाखर्चात येत नाही. शिवाय वरिष्ठ शासन, बँका, शेजारची नगरे खुल्या स्वरूपातील दस्तऐवज स्वीकारीत नाहीत तोवर एकट्या शहराने कितीही निर्धार केला, तरी दुसऱ्यांच्या सोयीची किंमत त्यालाच मोजावी लागते.