जुलैतलं फाँडंट
पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला फाँडंट, म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं लवचिक पीठ, लवकर वश होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं. 8 इंची, 4 इंच उंच केकला माथा आणि दोन्ही बाजू धरून 16 इंचांची पोळी पुरते. मी 18 इंचांची लाटते, जाडी जेमतेम 4 मिलिमीटर. खालचा गनाशचा (चॉकलेट-क्रीमचा) थर मात्र आदल्या दिवशीच घट्ट, सपाट करून ठेवावा, कारण त्यातला प्रत्येक खड्डा वर उमटतो. पोळी लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडली, की आधी माथा, मग लगेच वरची कड बसवायची. लोंबत राहिली तर ती तिथेच फाटते. बाजूच्या चुण्या कधीही दाबू नयेत. साडीच्या निऱ्या सोडवाव्यात तशा बाहेर उकलत तळहाताने खाली उतरावं. मुंबईच्या पावसात साखर हवेतलं पाणी ओढते आणि फ्रीजमधून काढलेला केक दवाने चिकट होतो. तेव्हा बोट लावू नका, पुसू नका. पंख्याखाली ठेवा, तो सुकतो. आणि केक शाकाहारी घरी जाणार असेल, तर पाकीट नीट वाचा. काही फाँडंटमध्ये जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं.